बरणीतली झडप

अंकुश वाघमोडेंनी आठ वर्षांत तंबाखूला हात लावला नव्हता, आणि ही गोष्ट जगात त्यांच्याशिवाय कुणालाच खरी वाटत नव्हती.

रोज संध्याकाळी साडेसातला फोन यायचा. पलीकडून गुळात घोळलेला बाईचा आवाज. बाई खरी नव्हती. सोलापूरच्या रुग्णालयाने रुग्णांच्या मागे लावून दिलेली ती यंत्रणा होती, आणि तिचं नाव पथ्यसखी. ती म्हणायची, "अंकुशजी, आपल्या रक्तातलं कॅल्शियम आजही जास्त आहे. आपण चुना किंवा चुना असलेला कुठला पदार्थ घेतला का?" अंकुशराव सांगायचे, नाही. त्यावर ती प्रामाणिक उत्तराबद्दल आभार मानायची आणि चुन्याने झडपेचं कसं नुकसान होतं ते पहिल्यापासून सांगायला लागायची. आपण नाही म्हटलंय हे तिच्या डोक्यात शिरलं की नाही, हे विचारायची सोय नव्हती. एकदा त्यांनी तिला मनसोक्त शिव्या घातल्या. ती म्हणाली, आपण तणावात दिसता, दीर्घ श्वास घ्या.

दीर्घ श्वास घेता येत असता तर हा सगळा प्रपंच कशाला केला असता?

अंकुशराव कासारबेटच्या नगरपरिषदेत व्हॉल्व्हमन होते. कुठल्या आळीला किती वाजता पाणी सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, हे त्यांच्या मनगटांना पाठ. तीस वर्षं ती लांबलचक किल्ली खांद्यावर टाकून ते गावभर फिरले, आणि तीस वर्षं रक्तदाबाच्या गोळ्या आठवण आली तर घेतल्या. त्रेपन्नाव्या वर्षी दोन्ही मूत्रपिंडं बसली. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार गावातल्या डायलिसिस केंद्रात चार-चार तास. डाव्या हातात दोन जाड सुया, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून धुऊन आत. तेही अंगवळणी पडलं. पण एकोणसाठावं लागता लागता जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. सोलापूरच्या डॉ. मेघना हत्तुरे यांनी हृदयाची सोनोग्राफी केली आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, ही झडप दगड झाली आहे.

हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या तोंडाशी ही झडप असते. तीन पाकळ्यांची, ओल्या कागदासारखी पातळ. प्रत्येक ठोक्याला उघडते, मिटते. मूत्रपिंडं बंद पडलेल्या माणसाच्या रक्तात फॉस्फरस साचतो, तो कॅल्शियमला धरतो आणि दोघं मिळून मऊ जागी घर करतात. अंकुशराव म्हणाले, म्हणजे तोटीवर क्षार चढतो तसं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसंच, पण एक फरक आहे. तोटीला काही कळत नाही. झडपेच्या पेशी जिवंत असतात, आणि असं रक्त सतत मिळालं की त्या आपला धर्म सोडून हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात. क्षार बाहेरून चढतो त्याहून जास्त त्या आतून तयार करतात.

झडप बदलायची तर जुने मार्ग दोन होते, आणि डायलिसिसवरच्या माणसाला दोन्ही अडचणीचे. यांत्रिक झडप टिकायची जन्मभर, पण तिच्यासाठी रक्त पातळ ठेवायचं औषध जन्मभर घ्यावं लागतं. ज्याला आठवड्यातून तीनदा जाड सुया टोचायच्या, त्याचं रक्त थांबणार कसं? जनावराच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला असलं औषध लागत नाही. पण चांगल्या माणसात ती पंधरा वर्षं चालते तिथे डायलिसिसच्या माणसात चार-पाच वर्षांत तिचाही दगड होतो.

तिसरा मार्ग नवा होता. रुग्णाच्याच पायातल्या शिरेचा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी वाढवायच्या, विरघळणाऱ्या जाळीवर त्यांची झडप घडवायची आणि ती काचेच्या भांड्यात बारा आठवडे ठेवायची. भांड्यात कोमट पोषणद्रव मिनिटाला सत्तर वेळा तिच्यातून ढकलला जातो, म्हणजे उघडमीट करायला ती तिथेच शिकते. खरी युक्ती याच्या पुढची. त्या पोषणात रुग्णाच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, आधी थेंबभर, मग चमचाभर असं वाढवत न्यायचं. ज्या पेशी हाडाकडे झुकतात त्या काढून टाकायच्या, ज्या टिकतात त्यांची तालीम पुढे चालू ठेवायची. बारा आठवड्यांनी जी झडप उरते तिला त्याच रक्तात राहायची सवय झालेली असते. ती दगड होत नाही. अट एकच. तालमीच्या काळात कॅल्शियम आणि फॉस्फरस हद्दीत पाहिजे. हद्द ओलांडली तर सगळ्याच पेशी बिघडतात.

रुग्णालयात त्या भांड्याला लांबलचक नाव होतं. कासारबेटला सगळे त्याला बरणी म्हणायचे. बरण्या होत्या चोवीस आणि रांगेत माणसं एकशेचाळीस. म्हणून पथ्यसखी. ती रक्ताचे आकडे बघून प्रत्येकाला पथ्याचे गुण द्यायची. लागोपाठ तीन आठवडे साठाच्या खाली गुण पडले की बरणी रिकामी करून पुढच्याला.

पहिले पाच आठवडे अंकुशरावांना नव्वदच्या खाली गुण नव्हते. उर्मिलाबाई भाजी दोनदा उकळून पाणी फेकायच्या, दूध मोजून चमचाभर द्यायच्या, शेंगदाण्याचा कूट तर त्यांनी घरातूनच हद्दपार केला होता. शेंगदाण्याशिवायची भाजी खाणं ही काय शिक्षा असते ते सोलापूर भागातल्या माणसालाच कळेल. पण अंकुशराव खात होते. फोनवर झडप दिसायची. पांढरट, नखाएवढ्या तीन पाकळ्या, उघडमीट करणाऱ्या. पुण्याला असलेली मुलगी, ऋतुजा, कचेरीत बसल्या बसल्या ती बघायची आणि आईला कळवायची, आज छान आहे.

सहाव्या आठवड्यात कॅल्शियम चढलं. सातव्यात आणखी. आठव्या आठवड्यात एका पाकळीच्या कडेला खसखशीएवढा पांढरा ठिपका दिसायला लागला.

सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली. अंकुशराव पूर्वी तंबाखू खायचे, आणि तंबाखू म्हटली की चुना आलाच. चुना म्हणजे निव्वळ कॅल्शियम. आता घरात मुद्दाम कुणी काही बोललं नाही, पण उर्मिलाबाई धुवायच्या आधी पँटचे खिसे उलटे करून बघू लागल्या. ते बाहेरून आले की काहीतरी निमित्त काढून तोंडाजवळ येऊन बोलायच्या. पंचवीस वर्षांच्या सवयीने त्यांना वास घ्यायला जवळ येण्याचीही गरज नव्हती, तरी यायच्या. अंकुशरावांनी आईची शपथ घेतली, मुलीची घेतली. तेव्हा उर्मिलाबाई म्हणाल्या, मागेही तुम्ही दोनदा सोडली होती आणि दोन्ही वेळा शपथ घेतली होती. ते खरं होतं.

ऋतुजाने फोनवर रडून घेतलं. केंद्रातल्या सिस्टरने शेजारच्या पेशंटपुढे समजावून सांगितलं. पानपट्टीवाल्याला कुणीतरी दम भरून आलं की यांना काही देऊ नको. आठ वर्षं ज्याच्या टपरीची सावलीही अंगावर घेतली नव्हती, तो पानपट्टीवाला रस्त्यात भेटून हळहळला, "काका, बायकोसाठी तरी सोडा."

मग एका संध्याकाळी पथ्यसखी म्हणाली, "अंकुशजी, आपल्या पत्नीने दिलेल्या माहितीबद्दल आभार. सवय मान्य करणं ही बरं होण्याची पहिली पायरी आहे. आपल्या झडपेला तीन आठवड्यांची मुदतवाढ मिळाली आहे."

अंकुशरावांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. उर्मिलाबाई पोळ्या लाटत होत्या. बहिणीकडे जाऊन येते म्हणून परवा त्या सोलापूरला गेल्या होत्या.

"काय लिहून दिलंस तू?"

त्यांनी लाटणं थांबवलं नाही. बरणी सोमवारी रिकामी होणार होती, त्या म्हणाल्या. घरच्यांनी लिहून दिलं की माणूस लपून खातो पण सोडायला तयार आहे, तर समुपदेशनाखाली मुदत मिळते. म्हणून लिहून दिलं.

"तू मला खाताना पाहिलंस?"

"नाही."

"मग काय लिहिलंस?"

"पाहिलं असं लिहिलं." आता लाटणं थांबलं. "दुसरं काय करणार होते मी? तुम्ही खरं बोलता म्हणून बरणी जाऊ देऊ?"

त्या दिवसापासून घरात जेवायला घेता का आणि दिवा बंद करा याच्यापलीकडे बोलणं राहिलं नाही. अंकुशरावांना सगळ्यात जास्त संताप आला तो बायको त्यांना खोटारडं समजत होती याचा नव्हे, तर खोटारडे असले तरी ती त्यांना जगवायला निघाली होती याचा. अशा बाईवर धड रागावताही येत नाही.

मंगळवारी ते केंद्रात खुर्चीत पडले होते. भिंतीकडे तोंड करून, कारण सिस्टरशी बोलायची इच्छा नव्हती. तिसरा तास चालू होता आणि डोकं ठणकायला लागलं होतं. गेला महिनाभर हे ठरलेलंच होतं. तिसऱ्या तासाला डोकं, चौथ्या तासाला मळमळ. पलीकडच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या जैनाबचाची तर दरवेळी उलटी करायच्या. सिस्टर प्रणाली म्हणायची, ऊन फार आहे.

भिंतीच्या कडेने एक नळी गेली होती. केंद्राच्या यंत्रात शुद्ध केलेलं पाणी त्या नळीतून प्रत्येक खुर्चीपाशी येतं. डायलिसिसमध्ये रक्त एका पातळ पडद्याच्या अल्याड आणि हे पाणी पल्याड असतं. घाण त्यातूनच पलीकडे जाते. एका माणसाला एका बैठकीत सव्वाशे लिटर पाणी लागतं, म्हणून ते पावसाच्या पाण्याहून स्वच्छ असावं लागतं. नळीच्या एका सांध्यातून बारीक पाझर होता, आणि सांध्याखाली पांढरी खपली धरली होती.

अंकुशराव त्या खपलीकडे बराच वेळ बघत राहिले. मग उजवा हात लांबवून नखाने खरवडली. कडक होती. बोटांत चुरगळली तर पिठासारखी झाली.

शुद्ध पाणी सुकलं तर मागे काही राहत नाही. ज्या पाण्याने खपली धरते ते शुद्ध नसतं. हे त्यांना कुठल्या पुस्तकातून समजलं नव्हतं. तीस वर्षं हातात पान्हा धरून समजलं होतं.

त्यांनी प्रणालीला बोलावलं आणि विचारलं की पाणी कुठलं येतं. तिने सांगितलं की आधी तलावाचं यायचं, उन्हाळा लागल्यापासून आवारातल्या बोअरचं. नेमकं कधीपासून? तिने वही बघितली. अंकुशरावांनी बोटांवर आठवडे मोजले. बरणीचा सहावा आठवडा आणि बोअरचा पहिला आठवडा एकच निघाला.

"माझं रक्त तुम्ही शेवटी घेता ना?" त्यांनी विचारलं. "सुया काढायच्या आधी?"

ती म्हणाली, हो, धुतलेलं रक्तच बरणीला सोसतं, म्हणून तसा नियम आहे.

"गुरुवारी एकदा सुरुवातीलाही घे. यंत्र लावायच्या आधी."

नियमात बसत नाही, ती म्हणाली. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या मीटरवर हिरवा दिवा आहे, रोज त्याची नोंद होते, तुम्ही उगाच शंका काढता. अंकुशराव म्हणाले, मीटरचं टोकही पाण्यातच असतं. त्याच्यावर क्षार बसला की त्याला बाहेरचं काही कळत नाही, ते सगळं छान आहे म्हणूनच सांगत राहतं. प्रणालीने वही मिटली. पण जैनाबचाचींची उलटी तिलाच पुसावी लागत होती, आणि उन्हाने माणसं पंख्याखाली, थंडगार खोलीत का ओकतात हा प्रश्न तिलाही पडला असावा. गुरुवारी तिने दोन बाटल्या भरल्या, एक आधी, एक नंतर.

आधीच्या रक्तात कॅल्शियम ९.१. नंतरच्या रक्तात १२.८.

त्याच दुपारी अंकुशराव केंद्राच्या नळीतलं पाणी बाटलीत भरून नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरणाला गेले. तिथल्या प्रयोगशाळेतला गायकवाड त्यांच्या हाताखालून वर गेलेला. त्याने परीक्षानळीत पाणी घेतलं, चिमूटभर पूड टाकली. पाण्यात क्षार नसतील तर रंग लगेच निळा येतो. रंग आला लालभडक. निळा करायला द्रावणाचे चौदा थेंब घालावे लागले. गायकवाड म्हणाला, दादा, हे पाणी कूलरमध्येही घालू नये.

अंकुशरावांनी डॉ. हत्तुरेंना फोन लावला. फोन पथ्यसखीने घेतला. त्यांनी तिला सगळं सांगितलं. आधीचं रक्त, नंतरचं रक्त, चौदा थेंब. ती म्हणाली, आपली भावना समजते. दोष दुसऱ्यावर ढकलण्याची इच्छा होणं या टप्प्यावर स्वाभाविक आहे.

शुक्रवारी सकाळी ते सोलापूरची बस पकडायला निघाले. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, दोन कागद आणि रुमालात बांधलेली खपली. कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर दोनदा थांबावं लागलं. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मागून उर्मिलाबाई आल्या, पिशवी काढून घेतली आणि शेजारी चालायला लागल्या. बसमध्ये दोन तास काही बोलल्या नाहीत. रुग्णालयाच्या दाराशी रखवालदाराने वेळ घेतली आहे का विचारलं, तेव्हा मात्र त्यांनी असा काही आवाज लावला की आतून एक डॉक्टर बघायला आला.

डॉ. हत्तुरेंनी कागद बघितले. मग खपली बघितली. मग पुन्हा कागद.

"मॅडम," अंकुशराव म्हणाले, "खुर्चीत बसतो तेव्हा माझं रक्त चांगलं असतं. उठतो तेव्हा वाईट असतं. मधले चार तास मी तुमच्या लोकांच्या डोळ्यांसमोर असतो. मग चुना मी खातो कधी?"

डॉक्टरीणबाईंनी संगणकावर कासारबेट केंद्राच्या इतर सतरा पेशंटांचे आकडे काढले. त्यांच्यासाठी बरण्या नव्हत्या, म्हणून त्यांचं रक्त महिन्यातून एकदाच आणि तेही डायलिसिसच्या आधी तपासलं जायचं. त्यामुळे कुणाच्याच आकड्यात काही दिसत नव्हतं. फक्त रक्तदाब सगळ्यांचे चढलेले होते. त्यांनी तिथूनच फोन केला आणि शनिवारची पाळी दुसऱ्या केंद्रात हलवायला सांगितली. मग पडदा आपल्याकडे वळवून त्या म्हणाल्या, "यंत्रणेला मी सांगितलं होतं, कॅल्शियम वाढलं तर कारण काय काय असू शकतं. त्या यादीत पाणी घातलं नव्हतं मी. चूक माझी आहे, काका."

अंकुशरावांना वाटलं होतं की असं कुणी म्हटलं की छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. छातीतला दगड होता तिथेच होता. आणि बरणीतल्या झडपेच्या तिन्ही पाकळ्या एव्हाना चुन्याची फक्की मारल्यासारख्या झाल्या होत्या. ती टाकून द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी पथ्यसखीने कळवलं की त्यांच्या पथ्याचे गुण सुधारून शंभर करण्यात आले आहेत. अभिनंदन.

बोअर बंद झालं, शुद्धीकरणाच्या यंत्रातले पडदे बदलले, मीटरचं टोक बाहेर काढलं तर ते खडीसाखरेच्या काडीसारखं निघालं. जैनाबचाची आता डायलिसिस संपल्यावर डबा उघडून दोन घास खाऊ लागल्या. गावात मात्र अंकुशरावांबद्दल नवीनच बोललं जाऊ लागलं, की बघा, माणसाने तंबाखू सोडल्यावर कशी बुद्धी चालते. ते ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला आणि सोडून दिलं.

त्यांना दुसरी बरणी मिळाली. पायातून पुन्हा शीर काढली, पुन्हा बारा आठवडे. या वेळी डायलिसिस सोलापूरलाच करायचं ठरलं. आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन चार तासांची बस, आणि दरवेळी उर्मिलाबाई शेजारच्या सीटवर. बोलणं हळूहळू सुरू झालं, पण त्या कागदाबद्दल नाही. उर्मिलाबाईंनी माफी मागितली नाही. अंकुशरावांनी मागायला लावली नाही. एकदा टेंभुर्णीच्या पुढे बस बंद पडली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, शेंगदाण्याचा कूट थोडा घातला असता तरी चाललं असतं बहुतेक, उगाच छळलं तुम्हाला. अंकुशराव म्हणाले, नसतं चाललं. फॉस्फरस असतो त्यात. हे त्यांना सांगावं लागलं याचीच त्यांना चीड आली.

झडप चांगली वाढत होती. हृदय मात्र तोवर दम धरायला तयार नव्हतं. नवव्या आठवड्यात फुप्फुसात पाणी झालं, दहाव्यात अंकुशरावांना आडवं झोपता येईना. तरी डॉ. हत्तुरेंनी बारावा आठवडा गाठला आणि तारीख दिली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक कागद भरायचा होता. छाती उघडल्यावर ठरल्याप्रमाणे काही जमलं नाही तर निर्णय कुणाला विचारायचा, त्याचं नाव. सोबत छापलं होतं की नाव न दिल्यास यंत्रणेचा सल्ला प्रमाण मानला जाईल. ऋतुजा पुण्याहून आली होती. शिकलेली, शांत डोक्याची. अंकुशरावांनी पेन हातात धरून थोडा विचार केला. मग उर्मिला अंकुश वाघमोडे असं लिहिलं. आपल्या जिवासाठी खोटं लिहून देणारी दुसरी कुणी त्यांच्या ओळखीची नव्हती.

शुद्धीवर आले तेव्हा नळ्यांचं जंजाळ होतं आणि घशात काटे. दुसऱ्या दिवशी घशातली नळी निघाली. उर्मिलाबाई हिरवा झगा चढवून आत आल्या. त्यांचा चेहरा बघून अंकुशरावांना कळलं की काहीतरी सांगायचंय.

छाती उघडली तेव्हा झडपेखालचं कडंसुद्धा दगडाचं निघालं होतं, त्यांनी सांगितलं. बरणीतली झडप मऊ. ती शिवायची तर आधी ते कडं पूर्ण खरवडून काढायला हवं, आणि त्यासाठी हृदय आणखी तासभर बंद ठेवावं लागणार होतं. जनावराची झडप तारेच्या चौकटीत बसवलेली असते, ती लगेच बसते. एक डॉक्टर बाहेर विचारायला आले. म्हणाले, यंत्रणा सांगते जिवंत झडप बसवा, दहा वर्षांचा विचार केला तर तीच फायद्याची.

"मग?"

"मी विचारलं, आज कशात वाचतील?"

अंकुशरावांनी डोळे मिटले. नऊ महिने. दोन शिरा, दोन बरण्या, उकळून चोथा झालेल्या भाज्या, पन्नाससाठ वेळा सोलापूरची बस. आणि शेवटी जी झडप पहिल्याच दिवशी नको म्हणून सांगितली होती, तीच छातीत.

"किती टिकेल?" त्यांनी विचारलं.

"चार वर्षं. फार तर पाच." बरणीतली फेकलेली नाही, त्या घाईघाईने म्हणाल्या. तुमचं रक्त मिळत राहिलं तर ती तिथेच चालू ठेवता येते. ही बिघडली की जांघेतल्या धमनीतून नळीने नेऊन हिच्या आत बसवता येईल, छाती न उघडता. तसं आधी कुणावर केलेलं नाही. पण हत्तुरे मॅडम म्हणाल्या, चार वर्षांत होईल.

"मला विचारायचं तरी."

"तुमची छाती उघडी होती. कसं विचारणार?"

अंकुशरावांना हसू आलं आणि त्या हसण्याने टाके असे ओढले गेले की डोळ्यांत पाणी आलं. उर्मिलाबाईंनी चटकन उशी त्यांच्या छातीशी धरली, नर्सने शिकवलं होतं तशी. उशी धरून त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या.

"तेव्हाचा कागद घाबरून लिहिला होता," त्या म्हणाल्या. "काल पण घाबरूनच सांगितलं."

"माहीत आहे."

"रागावलात?"

"खूप," अंकुशराव म्हणाले. श्वास घ्यायला थांबले, आणि श्वास तळापर्यंत गेला. "पण आता बोलवत नाही. टाके निघू दे, मग भांडू."

"बरं," उर्मिलाबाई म्हणाल्या, आणि स्टूल ओढून बसल्या.